वूडन यांची दहा जेतेपदं नुसत्या उंचीवर आली नाहीत

‘यूसीएलएमध्ये पंधरा वर्षं जॉन वूडनला काही जमलं नाही. मग अल्सिंडर आणि वॉल्टन हे दोन ताडमाड सेंटर (बास्केटजवळ खेळणारे) मिळाले आणि दहा जेतेपदं आपोआप आली.’ अमेरिकी कॉलेज बास्केटबॉलचा विषय निघाला की यूसीएलएचे, म्हणजे लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, प्रशिक्षक वूडन यांच्याबद्दल हा दावा हमखास पुढे येतो. तो चुकीचा आहे, आणि एका मोठ्या शिक्षकावर अन्याय करणारा आहे.

आधी हिशेब. ल्यू अल्सिंडर, म्हणजे पुढचा करीम अब्दुल-जब्बार, याच्या काळातली जेतेपदं तीन: १९६७, ६८, ६९. बिल वॉल्टनची दोन: १९७२, ७३. उरलेली पाच, १९६४, ६५, ७०, ७१ आणि ७५ ची, या दोघांशिवाय आली.

१९६४ च्या संघात तर पहिल्या पाचांत कुणीच साडेसहा फुटांचा नव्हता. तरी ३० पैकी ३० सामने जिंकले, ते प्रेसच्या, म्हणजे कोर्टभर दबाव टाकणाऱ्या बचावाच्या जोरावर. बास्केट झाली की मागे पळायचं नाही. समोरचा बॉल आत टाकतो तिथेच अंगावर जायचं, कडेला दोघांनी घेरायचं, आणि घाबरून फेकलेला पास मागे टपलेल्या कीथ एरिक्सनने उचलायचा. अंतिम सामन्यात ड्यूककडे ६ फूट १० इंचांचे दोघे होते. पहिल्या हाफमध्ये यूसीएलएने सलग १६ गुण काढले आणि सामना ९८-८३ असा घेतला. अल्सिंडर तेव्हा न्यूयॉर्कमध्ये शाळेत होता! प्रेसचा आग्रह सहायक जेरी नॉर्मन यांचा होता, हे खरं. पण तो मानला वूडन यांनीच.

‘पंधरा वर्षं काही नाही’ हेही खोटं. १९४८ मध्ये आदल्या मोसमात १२-१३ अशी कामगिरी केलेला संघ त्यांच्या हाती आला. पहिल्याच वर्षी त्यांनी २२ सामने जिंकले. तेही एका कोंदट जिममध्ये, जिथे सरावाआधी ते स्वतः फरशी पुसत. १९६२ च्या उपांत्य सामन्यात सिनसिनाटीकडून फक्त दोन गुणांनी हरले.

आणि ‘आपोआप’? १९७० च्या अंतिम सामन्यात उंची होती ती जॅक्सनव्हिलकडे: ७ फूट २ इंचांचा आर्टिस गिलमोर. सिडनी विक्स ६ फूट ८ इंचांचा. आधी तो गिलमोरच्या पुढे उभा राहून अडवत होता. ते जमेना, तेव्हा त्याला मागे उभं केलं, आणि त्याने गिलमोरचे शॉट ब्लॉक करायला सुरुवात केली. निकाल ८०-६९.

वूडन यांच्यावर खरा आक्षेप घ्यायचाच असेल तर खेळाडूंना नियमबाह्य मदत पुरवणाऱ्या एका धनाढ्य पाठीराख्याचा घ्या. १९८१ मध्ये, वूडन निवृत्त झाल्यावर सहा वर्षांनी, कॉलेज खेळांची नियामक संस्था एनसीएएने यूसीएलएवर कारवाई केली आणि त्याच्याशी संबंध तोडायला लावले. त्यांच्या काळात तो संघाभोवती वावरत असताना त्यांनी काणाडोळा का केला, हा प्रश्न रास्त आहे.