"त्याला या वेळी बोर्डिंगला ठेवा" म्हणे!

आज सकाळी नेरूळच्या आमच्या घरी चहा चालला होता. मी टेबलाखाली, माझ्या जागेवर. ताईने ग्रुपवरचा मेसेज मोठ्याने वाचला. डिसेंबरात पुन्हा कॅरॅव्हॅन, म्हणजे आत झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली मोठी गाडी, घेऊन दिवेआगर. तीच दोन कुटुंबं, तीच भाड्याची गाडी. आणि त्याखाली निलगिरीकाकांची ओळ: "त्याला या वेळी बोर्डिंगला ठेवा, मागच्या खेपेला फार त्रास दिला त्याने."

त्याला म्हणजे मला, घरच्या कुत्र्याला. बोर्डिंग म्हणजे मालक गावाला गेले की कुत्र्यांना सांभाळतात ती जागा.

त्रास. मी दिला.

टाइप ताई करतेय, मत माझं आहे. ज्यांच्या घरात चार पायांचं कोणी आहे त्यांना मी काय सांगू, त्यांचं डोकं आताच तापलं असेल. (निलगिरीकाका हे त्यांचं नाव नाही, वास आहे. मला नावांची गरज पडत नाही.)

मागची खेप म्हणजे मार्चातली, शिमगा नुकताच झालेला. म्हसळ्याच्या पुढे एका खानावळीसमोर गाडी उभी केली. सहा माणसं सुरमईच्या थाळीला उतरली. "एसी चालू ठेवलाय, आपल्यापेक्षा तो मजेत," असं म्हणून दार लोटलं. मी आत.

आता तो हिशेब मांडतो, जो सहा शिकलेल्या माणसांपैकी एकानेही मांडला नाही.

अशा गाडीत बॅटऱ्या दोन. एक इंजिन स्टार्ट करायची, दुसरी आतल्या संसाराची. आतली होती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-अवर, लेड-अॅसिड. गुणाकार करा, १८०० वॅट-अवर. पण लेड-अॅसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवायची नसते, आणि एसीसारखा जड लोड लावला की व्होल्टेज तसंही लवकर पडतं. म्हणजे हाताशी ९००. छतावरचा एक टनी एसी, कंप्रेसर चालू असताना, हजार-एक वॅट ओढतो. इन्व्हर्टर मधल्यामध्ये दहा-पंधरा टक्के खातो. राहिला पाऊण तास, तोही बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर. ती नव्हती. वडखळच्या थांब्यावर मोगराकाकूंनी इंजिन बंद असताना चहाची किटली लावली होती. किटली दीड हजार वॅटची.

सुरमईच्या थाळीला पाऊण तास पुरतो का? सोलकढी दुसऱ्यांदा मागवली जाते, हे मला टेबलाखालून पाठ आहे.

बॅटरी उतरली की इन्व्हर्टर आधी टीं टीं करतो. ऐकायला आत मीच होतो.

यावर कोणी म्हणेल, लिथियम बॅटरी बसवा. बसवा की. तिच्यातलं ऐंशी-नव्वद टक्के वापरता येतं, म्हणजे पाऊण तासाचा सव्वा तास होईल. प्रश्न तोच, अर्ध्या तासाने पुढे ढकललेला. खरा उपाय स्वस्त आहे. गाडीबरोबर पंधरा-वीस मीटरची जाड वायर असते, ती खानावळीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटला लावायची आणि मालकाला विजेचे पैसे द्यायचे. साध्या मोबाईल चार्जरच्या पॉइंटला लावू नका, एसीबरोबर गाडीतल्या बॅटरीचा चार्जरही ओढायला लागला की प्लग तापतो. आणि इंजिन चालू ठेवून मला एकट्याला आत ठेवायचं, हेही नको. दाराच्या बटणावर माझा पंजा पडला की सेंट्रल लॉक लागतं. किल्ली आत, मी आत, तुम्ही बाहेर. आणि वायर लावली तरी खेड्यातली वीज जाते. म्हणून माणूस आत हवाच, नाहीतर मी बाहेर. तिसरा पर्याय नाही. खानावळीच्या मागे आंब्याखाली साखळी बांधून पाण्याचं भांडं ठेवलं असतं तर मी काही बिघडलो नसतो.

बरं, उलटीचं. उलटी मी केली, काकांच्या उशीवर केली, मान्य.

पण का केली? सकाळी सहाला पामबीच रोडवरून निघताना माझी वाटी भरली. "लांबचा प्रवास आहे, पोटात काही असू दे." अहो, तुमच्या पोटाचा नियम मला लावू नका. निघण्याआधी निदान चार तास पोट रिकामं लागतं. पाणी चालतं, थोडं थोडं. वर वडखळला बटाटेवडा, तोही लाडाने, आणि मोगराकाकूंच्या हातून दुसरा. कांदा-लसूण आमच्या रक्ताला वाईट, हे घरात सगळ्यांना माहीत आहे. पण गाडीत बसलं की माणसं विसरतात. माणगाव सोडून मोर्ब्याच्या रस्त्याला लागलं की म्हसळ्यापर्यंत वळणावर वळण. मला जागा दिलेली होती सगळ्यात मागे, सोफ्याखाली, सामानाबरोबर.

ती जागाच चूक. या गाड्यांचा मागचा भाग चाकांच्या बराच मागे लोंबतो. वळणावर तो सगळ्यात जास्त फिरतो आणि खड्ड्यात सगळ्यात जास्त उडतो. पुढे ड्रायव्हरच्या अंगाला इंजिनाची धग. झोपायची जागा दोन चाकांच्या मध्ये, जमिनीवर, बस. फरशी व्हिनाइलची असते, नखं घसरतात, आणि घसरू नये म्हणून मी पाच तास पाय ताणून उभा राहतो. संध्याकाळी "हा लंगडतोय का?" म्हणून काळजी! ताईची जुनी योगा मॅट अंथरली असती तर विषय संपला असता. पट्टा गळ्याचा नको. छातीचा हार्नेस, आणि तो सीटबेल्टच्या खाचेत अडकवायचा आखूड दोर. गळ्यातल्या पट्ट्याने बांधलं आणि ब्रेक लागला तर बावीस किलो माझ्या मानेवर.

ज्यांना गाडी लागते त्यांच्यासाठी डॉक्टर गोळी देतात. ती निघण्याआधी दोनेक तास द्यायची, उलटी झाल्यावर नाही. आणि वजन सांगून डॉक्टरांकडूनच घ्यायची, काकांच्या औषधाच्या डब्यातून अर्धी तोडून नाही.

आता एक गोष्ट, जी तुमच्या नाकाला कळत नाही. गाडीत पाच किलोचा सिलिंडर होता. हा गॅस हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, खाली फरशीवर साचतो. फरशीवर कोण झोपतं? तुम्हाला वास येईपर्यंत मी त्यात अर्धा तास झोपलेलो असतो. रेग्युलेटर प्रत्येक वेळी बंद करायचा, गाडी चालू असताना तर उघडा नकोच, आणि गॅसचा अलार्म फरशीलगत आहे का, हे गाडी ताब्यात घेताना बघायचं. काही गाड्यांत तो ओट्याच्या वर लावतात, शोभेला. टॉयलेटच्या टाकीत घालायचं निळं औषधही तसंच, बाटली माझ्या तोंडाच्या उंचीवर ठेवलेली. आणि तुम्ही म्हणता मी त्रास दिला.

परत त्या दुपारकडे येतो, कारण डोक्यातून जात नाही.

आधी कंप्रेसर थांबला. फरशीतली थरथर गेली. ही थरथर तुम्हाला जाणवत नाही, माझी हनुवटी तिच्यावर टेकलेली असते. मग टीं टीं. मग पंख्याची पाती हळूहळू थांबताना ऐकू आली, आणि त्यानंतर खानावळीतून ताटांचे आवाज. उन्हात बंद गाडी दहा मिनिटांत दहा-एक अंश चढते. बाहेर ३४ असेल तर आत ४४, अर्ध्या तासात ५०च्या पुढे. कॅरॅव्हॅनला भिंतीत इन्सुलेशन असतं, थोडं हळू तापते, ठीक आहे. "काच दोन बोटं उघडी होती ना," हे मात्र पुन्हा म्हणू नका. त्याने फारसा फरक पडत नाही.

मला घाम येतो तो फक्त पंज्यांना. बाकी सगळं जिभेवर. मी धापा टाकतो, जिभेवरचं पाणी उडतं, अंग थंड होतं. पण बंद गाडीत मीच सोडलेली वाफ मलाच परत मिळते. कोकणातली हवा आधीच दमट, त्यात ही भर. मग कितीही धापा टाका, उडायला जागाच नाही. माझं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५, फॅरेनहाइटमध्ये. १०५च्या वर गेलं की आतले अवयव शिजायला लागतात. लाळ घट्ट, दोऱ्यासारखी. हिरड्या लालभडक. मग पाय ऐकत नाहीत. मी दाराच्या फटीशी नाक लावून पडलो होतो. फटीतून रश्श्याचा वास येत होता.

पुढे काय केलं तेवढं मात्र बरोबर केलं, नाही म्हणत नाही. सावलीत नेलं, नळाचं साधं पाणी पोटावर, जांघेत, पंज्यांवर ओतत राहिले, आणि मोगराकाकूंनी खानावळीच्या मेन्यूकार्डाने वारा घातला. बर्फ कोणी तरी आणला होता, तो बाबांनी परत पाठवला. बर्फाची वाट बघायची नसते, हाताशी असलेलं पाणी ओतत राहायचं. ओला टॉवेल गुंडाळून ठेवणंही चूक, दोन मिनिटांत तो गरम होतो आणि पांघरुणाचं काम करतो. पाणी तोंडात ओतायचं नाही, समोर ठेवायचं. आणि उठून शेपूट हलवली म्हणून डॉक्टर टाळायचे नाहीत. मूत्रपिंडाचा त्रास एक-दोन दिवसांनी वर येतो. म्हसळ्याला मागे नेऊन सलाईन लावलं. त्यात दुपार गेली, म्हणून समुद्रावरचा सूर्यास्त चुकला. हाच बहुतेक तो "त्रास".

लिहिता लिहिता राग चढतोय. ताई म्हणते पाणी पी.

पाण्याचंच सांगतो. किलोमागे दिवसाला पन्नास-साठ मिली, म्हणजे मला सव्वा लिटरच्या आसपास. प्रवासात, उन्हात, दुप्पट धरा. माझा तीन लिटरचा कॅन वेगळा हवा. गाडीच्या टाकीतलं पाणी कुठल्या नळावर भरलंय ते तुम्हालाही माहीत नसतं. दर दोन तासांनी दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, आणि दार उघडण्याआधी साखळी हातात. कर्नाळ्याला माकडं असतात. तिथे मी शब्दाला जागेन, याची खात्री मला स्वतःला नाही.

दिवेआगरची पुळण लांबच लांब, मागे सुरूची झाडं. तिथे तीन गोष्टी बघायच्या. खारं पाणी मी पितो, पिऊ देऊ नका, पोट बिघडतं. जाळ्यातून काढून टाकलेला केंड मासा वाळूत पडलेला असतो, फुगलेला, काटेरी. तो विषारी असतो, नुसता तोंडात धरला तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून कोळ्यांच्या होड्यांजवळ साखळी सोडायची नाही. आणि मला धुवायचं ते बाहेर, पाच लिटरच्या कॅनने. आतल्या शॉवरमध्ये धुतलं की वाळू खालच्या टाकीच्या जाळीत बसते, सांडपाणी तुंबतं, आणि बिल येतं. मागच्या वेळी डिपॉझिटमधून पैसे कापले गेले. केसांचे कापले ते रास्त, माझे केस मी नाकारत नाही. वाळूचे तुमच्या आंघोळीचे होते. गोचिडांची गोळी निघण्याआधी, लसीचं पुस्तक गाडीच्या कागदांबरोबर. पुरे.

हेही खरं, की सगळ्यांनी जाऊ नये. चपट्या नाकाचे पग, फार म्हातारे, हृदयाचा त्रास असलेले, त्यांना घरीच बरं. पण मी चार वर्षांचा गावठी आहे, नेरूळ स्टेशनच्या पुलाखाली जन्मलेला. मला बोर्डिंगमध्ये ठेवलं तर मी मरणार नाही. मी फक्त तीन दिवस दाराकडे बघत बसेन.

त्या रात्री गाडी वाडीत उभी होती. छत वर उचललेलं, जाळीतून वारा. सगळे झोपले. निलगिरीकाका वरच्या बंकवरून दोनदा खाली उतरले. पहिल्यांदा माझ्या भांड्यात पाणी आहे का बघितलं. दुसऱ्यांदा माझ्या पोटावर हात ठेवून बसले, बराच वेळ, काही न बोलता. हाताला सुरमईचा आणि निलगिरीचा वास.

आणि आत्ता ताईला सांगताना आठवतंय. त्या दुपारी दार कोणी उघडलं ते मी सांगितलंच नाही. जेवण संपलं नव्हतं. बाकीच्यांची दुसरी सोलकढी चालू होती. एकच माणूस ताटावरून उठून उन्हातून गाडीकडे आला, कारण त्याची अॅसिडिटीची गोळी आत राहिली होती. दार सरकलं, आणि फटीतल्या रश्श्याच्या वासाच्या जागी निलगिरीचा वास आला.

काका, मेसेज राहू दे तसाच, मी भुंकणार नाही. उशी नवीन आणा, मी दोन चाकांच्या मध्ये झोपेन. आणि गोळ्यांचं पाकीट या वेळीही गाडीतच विसरा.