हुशारीपेक्षा तो छापखाना!

जुन्या गुन्हेगारी मालिकांतले भामटे हुशार असतात म्हणून आवडतात, असं एका लेखात वाचलं. मला अर्धंच पटलं. ‘द रॉकफर्ड फाइल्स’ (१९७४-८०) ही अमेरिकी टीव्ही मालिका घ्या. नायक खासगी गुप्तहेर, पण गाडीत चिमुकलं छपाईयंत्र! जागच्या जागी खोटं व्हिजिटिंग कार्ड छापायचं आणि भलताच कुणी साहेब बनून बिनधास्त आत शिरायचं. पिस्तूल मात्र घरी, बिस्किटांच्या बरणीत. फी रोजचे २०० डॉलर अधिक खर्च, तेही बऱ्याचदा बुडीत खाती. आणि त्याचा तुरुंगात असतानाचा दोस्त, भामटा एंजल? मित्रालाच गोत्यात आणेल, वर चेहरा असा करेल की आपणच माफी मागावी. मला तर तोच जास्त आवडतो. नायक अधूनमधून सडकून मार खातो, तेही त्या लेखात लिहायला हवं होतं राव!