‘यूएईने तेलावरची भिस्त संपवली’ हा दावा का टिकत नाही

‘संयुक्त अरब अमिरातीने तेलावरची भिस्त संपवली. जीडीपीत तेल उरलंय फक्त पाव हिस्सा, दुबईत तर जेमतेम १ टक्का. दुबई तेलाशिवायच उभी राहिली, आणि तिथे कर नाहीच.’ व्हॉट्सअॅपवर सतत फिरणाऱ्या या मजकुरातले आकडे बरेचसे खरे आहेत. त्यांतून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

‘तेल फक्त पाव हिस्सा.’ २०२४ मध्ये बिगर-तेल क्षेत्राचा वाटा ७५ टक्क्यांच्या आसपास होता, हे बरोबर. पण ही टक्केवारी स्थिर किमतींवर काढतात, म्हणजे प्रत्येक बॅरल पायाभूत वर्षाच्याच भावाने धरलं जातं. तेलाचा भाव निम्म्यावर आला, तर तिजोरीला खड्डा पडतो. ही टक्केवारी मात्र त्या घसरणीने थेट हलत नाही. उलट उत्पादन घटवलं की ती सुधारते. समजा, तेल ४० आणि बाकी सगळं ६०. तेलाचं उत्पादन पाव भागाने कमी केलं, तर ३० आणि ६०. बिगर-तेल वाटा ६० वरून थेट ६७ टक्के, आणि एकही नवा कारखाना उभा राहिलेला नाही. यूएईने मे २०२३ पासून रोज १ लाख ४४ हजार बॅरलची स्वेच्छा कपात केली होती. त्यानंतरची ‘विक्रमी’ टक्केवारी वाचताना हे ध्यानात हवं.

शिवाय ‘बिगर-तेल’ या खात्यात काय काय बसतं तेही पाहा. अॅल्युमिनियम बसतं. एक टन धातू गाळायला साधारण १४ ते १५ हजार युनिट वीज लागते आणि हा उद्योग उभा राहिला तो गॅसवरच्या विजेच्या जोरावर. तेलाच्या पैशातून सरकारने काढलेली बांधकामंही याच खात्यात जातात. बिगर-तेल व्यापाराचे आकडे तर आणखी फुगलेले दिसतात, कारण त्यात पुनर्निर्यात आणि सोनं असतं. दुबईच्या जेबेल अली बंदरात कंटेनर उतरतो आणि दुसऱ्या जहाजावर चढतो. व्यापाराच्या आकड्यात मालाची पूर्ण किंमत धरली जाते. देशात राहते ती हाताळणी, गोदामाचं भाडं आणि व्यापाऱ्याचा नफा.

भिस्त मोजायची तर सरकारी महसुलात तेल-वायूचा वाटा किती आणि तो वगळला तर अर्थसंकल्पात तूट किती, हे बघायला हवं. देशाची स्वतःची पावलंही बोलकी आहेत. सरकारी तेलकंपनी अॅडनॉकने उत्पादनक्षमता रोज ५० लाख बॅरलवर नेण्याचं लक्ष्य २०३० वरून २०२७ वर अलीकडे आणलं. तेल सोडणारा देश असं करत नाही.

‘दुबईत १ टक्का.’ खरं आहे. पण दुबई म्हणजे अख्खा देश नव्हे. राज्यघटनेच्या कलम २३ नुसार खनिजसंपत्ती ज्या त्या अमिरातीची (म्हणजे घटक राज्याची), आणि देशातले सुमारे ९५ टक्के तेलसाठे एकट्या अबू धाबीकडे आहेत. मुंबईच्या उत्पन्नात शेती नगण्य आहे म्हणून महाराष्ट्र शेतीवर अवलंबून नाही, असं कोणी म्हणेल का?

‘दुबई तेलाशिवाय उभी राहिली.’ दुबईची खाडी तेलाआधी खोल केली गेली, हे मान्य. त्यासाठीही कर्ज आलं ते कुवेतकडून, म्हणजे तेलवाल्या शेजाऱ्याकडून. १९६६ मध्ये दुबईला फतेह क्षेत्रात तेल सापडलं, १९६९ मध्ये निर्यात सुरू झाली. मग रशीद बंदर (१९७२), जेबेल अली बंदर (१९७९), आणि करसवलती देणारं तिथलं मुक्त क्षेत्र (१९८५). तेल थोडं आहे हे ओळखून दुबईने तो पैसा बंदरांत घातला, ही दूरदृष्टी खरी आणि कौतुकाचीच. पण बी-भांडवल तेलाचंच होतं. नोव्हेंबर २००९ मध्ये दुबई सरकारच्या ‘दुबई वर्ल्ड’ या कंपनीने कर्जफेड थांबवण्याची परवानगी मागितली, तेव्हा डिसेंबरात १० अब्ज डॉलर घेऊन धावून आली ती अबू धाबी. पुढच्याच महिन्यात उद्घाटनाच्या दिवशी ‘बुर्ज दुबई’ची ‘बुर्ज खलिफा’ झाली. खलिफा हे अबू धाबीच्या तेव्हाच्या शासकाचं नाव.

‘कर नाहीच.’ पगारावर आजही नाही. पण २०१४ नंतर तेलाचे भाव कोसळले, आणि ऑगस्ट २०१५ मध्ये पेट्रोलवरचं अनुदान गेलं. पाठोपाठ १ जानेवारी २०१८ पासून ५ टक्के व्हॅट आला. १ जून २०२३ किंवा त्यानंतर सुरू होणाऱ्या आर्थिक वर्षांपासून ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर ९ टक्के कंपनीकर आहे. व्हॉट्सअॅपवरचा तो मजकूर वाचून तिथे कंपनी काढायला निघालेल्यांनी एक नीट समजून घ्यावं: मुक्त क्षेत्रातला शून्य दर फक्त ‘पात्र’, म्हणजे कायद्याच्या अटींत बसणाऱ्या उत्पन्नाला मिळतो, आणि कर शून्य निघाला तरी नोंदणी चुकत नाही. ती मुदतीत न केल्यास १० हजार दिरहम दंड होतो.