स्वेटर गल्लीचं, स्टायलिस्ट नागपूरची

कोणी काय घालावं ते सुचवणाऱ्या पर्सनल स्टायलिस्टचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, “काकू, तुमच्या वॉर्डरोबमध्ये काय काय आहे?” यवतमाळ जिल्ह्यातल्या खेड्यात या प्रश्नाचं उत्तर एकट्या काकूंना देता येत नाही. कपाट एकच आणि त्यात कपडे सहा जणांचे. वरच्या कप्प्यात आहेराच्या साड्या, मधल्यात न शिवलेले शर्टपीस-पँटपीस, खालच्यात लग्नाचा अल्बम आणि सातबाऱ्याची फाईल. रोजचे कपडे दोरीवर, थंडीचे लोखंडी पेटीत. उरलेले कोणाकोणाच्या घरी आहेत ते आजीलाच ठाऊक, आणि आजी वावरात गेलेली असते.

तरीही मे महिन्यात मनालीला जायचं असेल तर स्टायलिस्टची मदत घ्यावी, या मताचा मी आहे. घरी दुपारी पारा ४५ अंशांवर आणि मनालीत रात्री दहा अंशांच्या आसपास. उंचीचा हिशेब सोपा आहे. दर १,००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी तापमान उतरतं. आपण ३०० मीटरच्या आगेमागे, मनाली २,००० वर, रोहतांग खिंड ३,९७८ मीटरवर. अंगाची लाही होत असताना थंडीची बॅग भरणारा माणूस एक तर “स्वेटर कायले पायजे?” म्हणतो, नाहीतर घाबरून चार सोलापुरी चादरी कोंबतो. थंड डोक्यानं विचार करणारं कोणीतरी लागतं. नागपुरात कूलरसमोर बसलेली, फॅशनचा कोर्स केलेली नात्यातली पोरगी त्याला चालते.

तिची पद्धत चांगली असते. सगळे कपडे बाजेवर काढायचे आणि तीन ढीग करायचे: न्यायचे, दुरुस्तीचे, देऊन टाकायचे. अडचण तिसऱ्या ढिगाची. तो आमच्याकडे होतच नाही. विरलेली साडी गोधडीची असते, उसवलेला पूर्ण बाहीचा शर्ट फवारणीचा, फाटकं धोतर पुसायचं. पहिला ढीग मात्र बघता बघता छताकडे निघतो, कारण त्यातल्या प्रत्येक कपड्याच्या पाठीशी एक नातेवाईक उभा असतो.

“काकू, ही जरीची कशाला? एक किलोच्या घरात जाते ही.”

“ते नंदेनं देल्ली ना वं बाई. मनालीले नाही नेसली तं तिले काय वाटन?”

स्टायलिस्टच्या पुस्तकात यावर उपाय नाही, पण व्यवहारात आहे. मानाच्या साड्या निघायच्या आधीच घरी नेसाव्यात, मागे साधी भिंत ठेवून कमरेपासून वरचा फोटो घ्यावा आणि मनालीला पोचल्यावर एकेक करून ज्याच्या त्याच्या मोबाईलवर पाठवावा. भिंतीवर कॅलेंडर नाही एवढं बघायचं. तीन साड्या म्हणजे दीड ते अडीच किलो वजन या एका युक्तीत घरी राहतं.

दुसरी पायरी रंगांची. मनगटावरच्या शिरा निळसर दिसल्या तर त्वचेची छटा थंड, हिरवट दिसल्या तर उबदार, असा तिचा नियम. थंड छटेला चांदी, निळा, जांभळा. उबदार छटेला सोनं, विटकरी, मोहरी. व्हिडिओ कॉलवर ही परीक्षा हमखास नापास होते. ट्यूबलाईटखाली सगळंच घर आजारी दिसतं, पोपटी भिंतीचा रंग गालावर चढतो, आणि तुलनेसाठी जवळ धरलेला पांढरा दुपट्टा मुळात पांढरा नसतो, नीळ घातलेला असतो. मग काकूंच्या सगळ्या शिरा हिरव्या आणि काकांच्या सगळ्या निळ्या ठरतात. सकाळी नऊच्या सुमारास ओसरीत, सावलीत उभं राहावं आणि पोरांच्या वहीतला कोरा कागद जवळ धरावा. नेटवर्क गच्चीवरच येत असेल तर तिथे उभं राहून फक्त बोलावं. ओसरीत काढलेला फोटो नंतर पाठवावा. माझं विचाराल तर शिरा सोडा. वावरात राबलेल्या मनगटावर शीर शोधण्यापेक्षा दोन रंगांची कापडं आळीपाळीनं हनुवटीखाली धरून आजीला विचारलेलं बरं. आजी एका शब्दात निकाल देते आणि त्यावर अपील नसतं.

खरी गंमत पुढच्या गणितात आहे. कमी कपड्यांत जास्त जोड्या बसवायच्या, याला ही मंडळी कॅप्सूल वॉर्डरोब म्हणतात. न्यूयॉर्कच्या डोना कॅरननं १९८५ साली सात कपड्यांचा असा संच बाजारात आणला होता. वर घालायचे चार आणि खाली घालायचे तीन कपडे एकमेकांशी जुळणारे घेतले की चार त्रिक बारा पोशाख. शर्ट-पँटला हे लागू पडतं. साडीला पडत नाही, कारण चार साड्यांना चार ब्लाऊज आणि प्रत्येक ब्लाऊजचं आपल्याच साडीशी लग्न लागलेलं. सात दिवसांसाठी सात साड्या, सात ब्लाऊज, पाच परकर अशी बॅग तिथूनच फुगते. उपाय असा: ताणल्या जाणाऱ्या कापडाचे दोन ब्लाऊज घ्यावेत, एक काळा, एक मरून, दोन्ही पूर्ण बाहीचे. मग या दोन्हींवर जातील अशाच चार साड्या निवडाव्यात. आठ जोड्या होतात. परकर दोन पुरे, एक गडद, एक फिकट. नाड्या मात्र तीन घ्याव्यात आणि ओवायला मोठी पिन. नाडी आत सरकते ती नेहमी पहाटे, खाली गाडीवाला हॉर्न वाजवत असताना. साध्या सेफ्टी पिना डझनभर.

कापडाच्या बाबतीत स्टायलिस्ट एक वाक्य हमखास बोलते, “प्युअर कॉटन घ्या काकू, तुमच्याकडे तर कॉटनच कॉटन.” आमच्याकडे कॉटन वावरात असतं, ढिगानं जिनिंगमध्ये असतं, दिवाळीच्या सुमारास तर माणसं झोपतात त्या खोलीतही असतं. कपाटात असतं टेरिकॉट आणि जॉर्जेट. लांब धाग्याचा सुती शर्ट इथल्या बाजारात टेरिकॉटच्या दुप्पट भावानं मिळतो, आणि तो घेणारा शेतकरी कापसाचा भाव आठवून दुकानातच खाली बसतो. पण इथं तिचा सल्ला अर्धाच बरोबर आहे. धामणगाव किंवा वर्ध्याच्या स्टेशनपर्यंत आणि पुढे दिल्लीपर्यंत सुतीच घालावं, घाम शोषला जातो. डोंगरात मात्र सुती अंगाशी नको. ओला झालेला कापूस लवकर वाळत नाही आणि अंगातली ऊब ओढून घेतो. तिथे आमचं बदनाम जॉर्जेटच कामाला येतं. काठ बर्फात भिजले तरी झटकले की झालं. आपल्याकडे मे महिन्यात धुतलेली साडी चहा होईस्तोवर वाळते, तिथे खोलीतल्या दोरीवरची सकाळी ओलीच असते. म्हणून आतले कपडे आणि मोजे दिवसाला एक याप्रमाणे मोजून न्यायचे, त्यात काटकसर नाही.

थंडीसाठी चार थर: आत थर्मल, त्यावर पूर्ण बाहीचा ब्लाऊज किंवा शर्ट, मग स्वेटर, सगळ्यात वर वारा अडवणारं जॅकेट. थर्मल अंगाला चिकटून बसलं पाहिजे. “वाढत्या अंगाचं” म्हणून दोन मापं मोठं घेतलं की आत हवा खेळते आणि पैसे वाया जातात. साडीखाली थर्मलची पँट, तिच्यावर परकर. आबाजी धोतर सोडणार नसतील तर वाद घालू नये. धोतराखाली थर्मल छान लपतं आणि टोपीवर कानटोपी बसते. टोपीखाली कानटोपी बसत नाही, हे त्यांना आधी घरीच करून दाखवावं.

आता स्वेटर. विदर्भातली थंडी दीड-दोन महिन्यांची पाहुणी, त्यामुळे एका गल्लीत बरे म्हणावेत असे स्वेटर तीन-चार, आणि जो बाहेरगावी निघेल त्याचे ते असतात. चारधामला जाऊन आलेलं एक स्वेटर तर बहुतेक गावांत असतंच. त्याला त्याच्या मालकापेक्षा जास्त प्रवास घडलेला असतो. स्टायलिस्ट विचारते, “हे मरून कार्डिगन कोणाचं?” आणि घरात शांतता पसरते. म्हणून यादीत रंग आणि माप यांच्याबरोबर तिसरा रकाना हवा, मालकाचा. स्वेटर मागून आणल्यावर आधी हात घालून बघायचं, कसर लागलेली असते ती काखेत आणि कोपरावर. डांबरगोळ्यांचा वास घालवायला दोन दिवस हवेशीर सावलीत टांगायचं. मेच्या उन्हात टांगलं तर वासाबरोबर रंगही जातो, आणि मग ते स्वेटर विकत घ्यावं लागतं.

बूट हा स्वतंत्र जाच आहे. घरात एक तरी जोडी अशी असते की खोक्यात, कागदात, “चांगल्या कामाले” म्हणून ठेवलेली. काही बुटांचे तळवे पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या दमटपणानं ते आतल्या आत कुजतात आणि न वापरता ठेवले तर काही वर्षांनी चालता चालता भुगा होऊन गळतात. हे मनालीच्या मॉल रोडवर होण्यापेक्षा घरच्या अंगणात झालेलं परवडतं. त्यामुळे जुना जोडा आधी घालून अर्धा तास चालून बघावा, नवा घेतला तर निघायच्या तीन आठवडे आधी घ्यावा आणि रोज थोडा वापरावा. बायकांच्या बाबतीत स्टायलिस्ट एक गोष्ट नेहमी विसरते ती म्हणजे जोडवी. बंद बुटात जोडवं शेजारच्या बोटाला घासतं आणि संध्याकाळपर्यंत फोड येतो. पुढून रुंद बूट घ्यावा, संध्याकाळी पाय सुजलेले असताना जाड मोजा आणि जोडवी घालूनच माप बघावं. जोडवी काढून ठेवा असं तिनं सुचवलं तर फोन आजीकडे देऊ नये.

दुरुस्तीचा ढीग टेलरकडे महिनाभर आधी गेला पाहिजे. मे म्हणजे लग्नसराई. आठ दिवस आधी गेलात तर तो “ठेवून जा भाऊ” म्हणतो, आणि कपडे खरोखरच तिथे ठेवलेले राहतात. पँटची उंची प्रवासातला बूट घालूनच द्यावी, चपलेवर मोजलेली पँट बुटावर आखूड होते.

स्टायलिस्टच्या सांगण्यावरून बॅग भरावी, तोलावी मात्र आपल्या पद्धतीनं. विणलेले कपडे गुंडाळायचे, इस्त्रीचे घडी करायचे, जड वस्तू चाकांच्या बाजूला, मोजे बुटात. मग कापूस वेचणीचा ताणकाटा काढायचा, ओसरीच्या लाकडी दांड्याला अडकवायचा आणि बॅग टांगायची. नागपूरहून विमान असेल तर साध्या तिकिटावर बहुतेक कंपन्या १५ किलो आत आणि ७ किलो हातात देतात. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवायची. रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीला माणशी ४० किलो चालतं. म्हणून कोणी माणशी ४० किलो भरू नये, कारण वाटेत लाल एसटी आहे. चार चाकांची ट्रॉली एसटीत उभी ठेवली की पहिल्या ब्रेकला ती एकटीच ड्रायव्हरकडे निघते. ती आडवी ठेवावी. मुरमाच्या रस्त्यावर तर ही चारही चाकं निकामी, तिथे मोठ्या दोन चाकांची बॅग बरी.

दशम्या, चिवडा आणि ठेचा यांचं वजन स्टायलिस्ट धरत नाही. हे तीन-चार किलो आधीच बाजूला काढावेत. ठेच्याच्या बरणीच्या तोंडावर प्लॅस्टिकचा तुकडा ठेवून झाकण लावावं आणि बरणी कपड्यांपासून वेगळ्या पिशवीत. निघायच्या दिवशीच्या पोशाखाबद्दलही तिचे विचार सुंदर असतात. फिकट लिननचा शर्ट, खिसे सपाट. तिला कोणीतरी सांगावं की आबाजींच्या खिशात ऊन लागू नये म्हणून कांदा असणार आहे आणि खिसा सपाट दिसणार नाही. कांद्यावर भिस्त न ठेवता पाणी आणि ओआरएसची पाकिटं घ्यावीत, पण कांदा काढायला लावू नये. डोक्याला दुपट्टा सगळ्यांना.

एवढं सगळं जुळवल्यावर बर्फाचा दिवस येतो. मनालीजवळच्या सोलंग दरीच्या, रोहतांगच्या किंवा २०२० साली सुरू झालेल्या अटल बोगद्याच्या वाटेवर भाड्याचे रंगीत ओव्हरऑल आणि गमबूट देणाऱ्या दुकानांची रांग लागते. ते भाड्यानंच घ्यावेत, आधी विकत घेऊ नयेत. गमबुटात आपला मोजा कोरडा आहे ना, ओव्हरऑलची चेन शेवटपर्यंत लागते ना, एवढं तिथेच उभं राहून बघावं, आणि भाडं आधी ठरवावं. पण एकदा तो ओव्हरऑल चढला की काकूंची मोहरी रंगाची साडी, काकांचं जुळवलेलं जॅकेट, चारही थर, सगळं त्याच्या आत. सहलीतला फ्रेम करून भिंतीवर लागणारा फोटो हाच, आणि त्यात दिसतं काय? चेहरा, कानटोपी आणि मफलर. तेव्हा स्टायलिस्टचा जो काही वेळ आणि आपले जे काही पैसे असतील, त्यातला मोठा वाटा या दोन वस्तूंवर घालवावा. तोंडाजवळ गडद लाल किंवा मोहरी रंग बर्फात उठून दिसतो. पांढरी टोपी घेतली तर फोटोत कपाळाच्या वर काही नसतं.

जाताना बॅगेत दोन किलोंची जागा रिकामी सोडावी. परतल्यावर गल्लीतली स्वेटरं लोकरीच्या साबणानं गार पाण्यात धुवायची, पिळायची नाहीत, आडवी वाळवायची आणि ज्याची त्याला द्यायची. रिकाम्या हातानं स्वेटर परत देता येत नाही. प्रत्येकाबरोबर अक्रोडाची पुडी हवी, आणि मरून कार्डिगनच्या मालकिणीला कुल्लूचा मफलर. त्याच दोन किलोंत स्टायलिस्टसाठी एक कुल्लू टोपी सहज बसते. तिला रंग मात्र आधी विचारू नये, नाहीतर ती मनगटाचा फोटो पाठवते.