पनवेलच्या डान्स बारवरचा लेख : एका ताईंना उत्तर

ताई,

हायवेवरच्या डान्स बारच्या आठवणी लिहिल्या तेव्हा शिव्या पडणार हे धरूनच चाललो होतो, आणि पडल्याही. पण बाकीच्यांनी मला संस्कृती शिकवली, तुम्ही हिशोब मागितलात. म्हणून सविस्तर उत्तर तुम्हालाच.

ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी रोषणाई लिहिली, नोटांचे हार लिहिले, पहाटे खोलीवर परतणाऱ्या पोरींसाठी हळहळलो. पण तुमच्या वडिलांना जमिनीचा वाढीव मोबदला मिळाला, तो दोन पावसाळ्यांत त्याच रोषणाईत गेला आणि नंतर तुमची आई मासळीची पाटी घेऊन पनवेलच्या बाजारात बसली, यातलं काहीच माझ्या लेखात नाही. ‘नाचणारीसाठी पानभर आणि घरातलीसाठी एक ओळ नाही,’ असं तुम्ही म्हणता. आणि शेवटी म्हणता, आबांनी, म्हणजे तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी, डान्स बारवर बंदी आणली हे पुण्याचं काम झालं.

तो लेख माझ्या वडिलांच्या मिनीडोअर रिक्षामधून दिसलेल्या रस्त्याचा होता. संध्याकाळी पनवेल स्टेशनवरून पोरींना घ्यायचं, पळस्पे फाट्याच्या पुढे सोडायचं, उत्तररात्री परत आणायचं, हा आमच्या घरचा धंदा. त्या गाडीतून तुमचं गाव दिसत नव्हतं. आता तुम्ही ते समोर ठेवलंत, तर तिथपासूनच सुरू करू.

पैसा आला कुठून? नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ, सिडको, स्थापन झालं १७ मार्च १९७० ला. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहरासाठी घ्यायची ठरली. भातशेती आणि मिठागरं कवडीमोलाने गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली दास्तान फाटा आणि नवघरला लोक रस्त्यावर आले, गोळीबारात पाच जण गेले, आणि त्या रक्तावर घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना उभी राहिली. दुसरीकडे १८९४ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम १८ खाली वाढीव मोबदल्याचे दावे कोर्टात वर्षानुवर्षं चालले. निकाल लागले तेव्हा व्याजासकट रकमा एकदम हातात पडल्या. ज्यांनी आयुष्यभर पैसा पाहिला तो भाताच्या हंगामाला नाहीतर मासळीच्या बाजाराला, त्यांच्या खात्यात एका दुपारी लाखांचा चेक. पाठोपाठ बिल्डर दारात. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट अजून कागदावर, तोवर सिडको-शेतकरी-बिल्डर असा त्रिपक्षीय करार, टोकन, नवी गाडी, हळदीला मोठा ऑर्केस्ट्रा.

आणि रस्ता कुठला? जुना मुंबई-पुणे हायवे, पळस्प्याला फुटणारा गोव्याचा रस्ता, कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोज्याची एमआयडीसी, १९८९ मध्ये सुरू झालेल्या न्हावा-शेवा बंदराचे ट्रेलर. रात्री हातात रोकड असलेला पुरुष मिळेल अशा ठिकाणीच बार उघडतात. मुंबईचे शेठ गाडी काढून इथवर यायचे ते ओळखीचं कोणी भेटू नये म्हणून, आणि आपल्या गावचे जायचे ते सगळ्यांनी बघावं म्हणून. हा फरक मी लेखात निसटता लिहिला होता, तुमच्या वडिलांच्या गोष्टीत तो पुरता दिसतो. काउंटरवर पाचशेच्या नोटा दिल्या की दहाच्या गड्ड्या मिळायच्या. शेजारच्या टेबलावर बाजूच्या गावचा असला की चढाओढ. पोर समोर नाचते आहे याकडे दोघांचंही लक्ष नसायचं.

आता त्या पोरींकडे. तुम्ही त्यांना ‘आमचं लुटून नेणाऱ्या’ म्हटलंत. उडवलेल्या नोटा वेटर गोळा करायचे, मालक आपला वाटा कापायचा, उरलेलं तिला. त्यातून खोलीचं भाडं, मेकअप, कपडे, आमचं भाडं. माझं अक्षर बरं होतं म्हणून मी शाळेत असताना त्यांचे मनीऑर्डरचे फॉर्म भरायचो. आग्रा, धौलपूर, भरतपूर हे पत्ते मला भूगोलाच्या पुस्तकाआधी त्या फॉर्मांवर भेटले. बेडिया, नट, राजनट, डेरेदार अशा समाजांत पिढ्यान्‌पिढ्या मुलीच्या नाचावर घर चालत आलं. जमीनदार गेले, संस्थानं गेली, मैफली आटल्या, तेव्हा त्यांच्या पोरी मुंबईकडे वळल्या. फॉर्मवर खाली संदेशाला चार बोटं जागा असायची. तिथे ‘भावाची फी भर’ किंवा ‘छपरावर पत्रे टाकून घ्या’ याहून वेगळं फारसं कोणी लिहून घेतलं नाही. तुमच्या वडिलांचे पैसे गेले हे खरं. ते या पोरींकडे साठले नाहीत, हेही तितकंच खरं.

(‘कुठे आपली लावणी आणि कुठे हे’ म्हणणाऱ्यांसाठी जाता जाता: स्वातंत्र्यानंतर लगेचच बाळासाहेब खेरांच्या सरकारने तमाशालाही अश्लील ठरवून बंदी घातली होती. आज आपण त्याला परंपरा म्हणून फेटा बांधतो. फडावरचा दौलतजादा आणि बारमधल्या नोटा यांत मला तरी फार अंतर दिसत नाही.)

बंदीबद्दल मात्र माझं तुमच्याशी जमत नाही. ३० मार्च २००५ ला विधानसभेत पनवेलचेच शेतकरी कामगार पक्षाचे (शेकापचे) आमदार विवेक पाटील यांनी डान्स बारवर लक्षवेधी सूचना मांडली होती, म्हणजे विषय आपल्याच दारातून गेला. गृहमंत्री आर. आर. पाटलांनी आधी मुंबईबाहेरच्या बारची घोषणा केली, मग मुंबईही त्यात आली. जुलैमध्ये मुंबई पोलीस कायद्यात ३३अ आणि ३३ब ही कलमं घातली गेली आणि ऑगस्टच्या मध्याला बार बंद. आबांचा हेतू स्वच्छ होता असं मी मानतो. पण कलम ३३ब वाचा. तीन तारांकित आणि त्याहून वरच्या हॉटेलांना त्यात सूट होती. म्हणजे तोच नाच पळस्प्याला अश्लील आणि मोठ्या हॉटेलात करमणूक! १२ एप्रिल २००६ ला मुंबई उच्च न्यायालयाने नेमकं हेच कारण देऊन बंदी रद्द ठरवली, आणि १६ जुलै २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. बंदीमुळे कित्येक जणी वेश्याव्यवसायात ढकलल्या गेल्या, तेव्हा रोगापेक्षा औषध वाईट, असं त्या निकालात म्हटलं आहे. सरकारने मग २०१४ मध्ये तारांकित हॉटेलांची सूटच काढून टाकली. २०१६ ला नवा कायदा केला, त्यातल्याही बऱ्याच अटी १७ जानेवारी २०१९ ला कोर्टाने उडवल्या. टीप देता येईल, नोटा उधळता येणार नाहीत, असं आता ठरलं आहे.

हे सगळं दिल्ली-मुंबईत चालू असताना आपल्या हायवेवर काय झालं ते तुम्हीही पाहिलंत. पाटी बदलली. डान्स बारचा लेडीज सर्व्हिस बार झाला, कुठे ऑर्केस्ट्रा झाला. स्टेजवर सहा जणी बसलेल्या, माइक एकीच्याच हातात, गाणारा कोपऱ्यात. एकही मालक रस्त्यावर आलेला मला दिसला नाही. कोणी लॉज काढला, कोणी मंगल कार्यालय, कोणी राजकारणात गेला. वडिलांचं रात्रीचं भाडं बुडालं, त्यांनी शाळेची मुलं घेतली, आम्ही तरलो. गेल्या त्या पोरी. काही दुबईला, काही भिवंडीकडे, काहींचा पत्ता मनीऑर्डरच्या फॉर्मवरूनही पुन्हा कळला नाही. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये पनवेलला शेकापच्याच मेळाव्यात राज ठाकरेंनी रायगडातल्या डान्स बारचा विषय काढला, पाठोपाठ इथल्या एका बारची तोडफोड झाली. बंदीला वीस वर्षं होत आली होती. बंद झालं असतं तर फोडायला काय होतं?

तुम्ही म्हणाल, मग आमच्या आयांनी काय करायचं होतं? हाच तुमचा खरा प्रश्न आहे, आणि तो बारच्या दारात सुटणारा नव्हता असं माझं म्हणणं आहे. मोबदल्याचा चेक सातबाऱ्यावर नाव असलेल्याला मिळतो. नाव बापाचं, मग भावांचं. तुमच्या आईने त्याच शेतात चिखलात उभं राहून लावणी केली असेल, पण पैसे काढताना, टोकन घेताना, प्लॉट विकताना तिची सही कुठेच लागली नाही. लागली असती तर दोन पावसाळ्यांत सगळं गेलं नसतं. आपल्याकडच्या बाया बाजारात एका पापलेटमागे किती घासाघीस करतात ते तुम्हाला मी काय सांगू!

आणि गंमत म्हणा किंवा थट्टा, बंदी लागू झाली त्यानंतर महिन्याभरात, ९ सप्टेंबर २००५ ला, हिंदू वारसा कायद्यातली दुरुस्ती लागू झाली. वडिलोपार्जित जमिनीत मुलीला मुलाइतकाच जन्मजात हक्क. महाराष्ट्राने तर १९९४ मध्येच तशी दुरुस्ती केली होती, पण तोवर लग्न झालेल्या मुली वगळून. बंदीच्या रात्री नाक्यावर फटाके वाजले होते. नऊ सप्टेंबरची आपल्या तालुक्यात कोणाला गंधवार्ता नव्हती. ज्यांना होती त्यांनी लगोलग बहिणींना माहेरी जेवायला बोलावलं, साडी नेसवली आणि रजिस्ट्रारच्या कचेरीत नेऊन हक्कसोडपत्रावर अंगठे घेतले. नवी मुंबई विमानतळाच्या जमिनींसाठी साडेबावीस टक्के भूखंडाचं पॅकेज आलं तेव्हाही हेच झालं. त्या साड्या मी आमच्याच नात्यात नेसवलेल्या पाहिल्या आहेत, आणि त्या जेवणाला मटण वाढणारे, बारला शिव्या देणारेच होते. बार बंद करा म्हणून मोर्चा निघतो. बहिणीचं नाव लावा म्हणून निघालेला मोर्चा मी अजून पाहिलेला नाही.

नोटांच्या हारांचा परिच्छेद काढा, असं तुम्ही सुचवलंत. काढणार नाही. ते हार आपल्याच लोकांनी घातले आणि गावोगावच्या जत्रांत त्याच्या बढाया मारल्या. आता सगळे म्हणतात, ते बाहेरचे लोक होते. तो परिच्छेद गेला तर तुमच्या वडिलांचा चेकही कोणी बाहेरच्यानेच नेला असं होईल. त्याच्याखाली तुमची प्रतिक्रिया जशीच्या तशी जोडतो आहे, तुमचं नाव आणि गाव वगळून. चालणार नसेल तर कळवा.

आणि एक विचारायचं राहिलं. तुम्ही लिहिलंय की वडिलांना दोन बहिणी, एक उरणला दिली, एक पेणला. चेक निघण्याआधी त्या दोघींच्या सह्या कोणी आणि काय सांगून घेतल्या, हे तुमच्या घरात कोणाला माहीत आहे का?