बुडणार की नाही, यावर भांडत बसलोय आपण

समुद्राची पातळी वाढतेय असं कुणी लिहिलं की दोन गट ठरलेले. एक जण निळ्या रंगात बुडवलेल्या शहरांचा नकाशा टाकतो. दुसरा लगेच पॅसिफिक महासागरातल्या तुवालू या छोट्या बेटांच्या देशाकडं बोट दाखवून विचारतो, "तुवालू बुडणार म्हणून किती वर्षं ऐकतोय, अजून आहे की जागेवर!" मग शंभर कमेंट.

मला त्या दुसऱ्याचा राग येत नाही, कारण त्याच्या हातात खरा पुरावा आहे. तुवालूच्या १०१ बेटांचा अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. १९७१ ते २०१४ या काळातली हवाई आणि उपग्रह छायाचित्रं ताडून पाहिली, तर देशाची एकूण जमीन २.९ टक्क्यांनी वाढलेली निघाली. लाटा प्रवाळाचा चुरा आणि वाळू किनाऱ्यावर आणून टाकतात. बेट एका अंगानं झिजतं, दुसऱ्या अंगानं भरतं. नकाशावाल्यांनी हे मान्य करून पुढं बोलावं.

पण जमीन शिल्लक असली म्हणजे तिथं राहता येतंच असं नाही. प्रवाळ बेटावर नदी नसते. पावसाचं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर, हलकं असल्यामुळं, तरंगत राहतं. विहिरीला लागतं ते हेच. तुवालूत या थरापर्यंत खड्डे खणून पुलाका नावाचं कंदपीक घेतात. उधाणाच्या लाटा बेटावर चढल्या की हा गोडा थर खारट होतो. मग भरपूर पाऊस पडून तो पुन्हा गोडा होईपर्यंत वाट पाहायची. हे क्वचित झालं तर माणसं निभावून नेतात, पिढ्यान् पिढ्या नेत आलीच आहेत. पण थर सावरायच्या आत दुसरं उधाण आलं, त्यानंतर तिसरं आलं, की विहीर कामातून गेली. गंमत बघा (गंमत कसली म्हणा), ज्या लाटा वाळू टाकून बेट वाढवतात, त्याच विहीर नासवतात. म्हणजे दोन्ही गटांचं म्हणणं एकाच वेळी खरं असू शकतं आणि तरीही माणसाला घर सोडावं लागू शकतं.

"वर्षाला चार मिलिमीटरनं काय होतंय?" हाही नेहमीचा प्रश्न. २००६ ते २०१८ दरम्यान जगभरात समुद्र चढण्याचा सरासरी वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर होता. १९०१ ते १९७१ या काळात तो १.३ होता. आकडे किरकोळ वाटतात, पण सरासरीनं कुणाचं घर बुडत नसतं. घरात पाणी शिरतं ते भरती, वादळ आणि वारा एकत्र आले की, आणि त्या सगळ्यांची सुरुवात आता वरच्या पायरीपासून होते. आयपीसीसी या संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदलविषयक समितीच्या सहाव्या अहवालाचा अंदाज असा, की पूर्वी शतकातून एखाद्या वेळी दिसणारी पाण्याची पातळी २१०० पर्यंत समुद्राची पातळी मोजणाऱ्या जगभरातल्या निम्म्याहून अधिक ठिकाणी दरवर्षी दिसू लागेल. मला वीतभर वाढीपेक्षा हे वाक्य जास्त घाबरवतं.

आता थोडं सरकारांबद्दल. इंडोनेशियातल्या जकार्तात समुद्र चढतोय हे खरं, पण शहराचा उत्तरेकडचा भाग खचतोय तो त्याहून कितीतरी वेगानं, आणि त्यामागचं एक मोठं कारण म्हणजे बेसुमार भूजल उपसा. टोकियोही असंच खचत होतं. तिथं १९६०-७०च्या दशकांत उपशावर निर्बंध आले आणि खचणं जवळजवळ थांबलं. तेव्हा प्रत्येक पुराचं खापर हवामानबदलावर फोडणाऱ्या पुढाऱ्याला आधी बोअरवेलचा हिशेब मागावा. तो मागितला की लोक तुम्हाला हवामानबदल नाकारणाऱ्यांच्या रांगेत उभं करतात, हा वेगळाच वैताग.

आणि समुद्र अडवणाऱ्या भिंती? ब्रिटनमध्ये वेल्समधल्या फेअरबोर्न या किनाऱ्यावरच्या गावाला स्थानिक प्रशासनानं सांगितलं, की समुद्रापासून बचावाचं काम कायम चालणार नाही, २०५४च्या सुमाराला गाव रिकामं करावं लागेल. समुद्र यायचा तेव्हा येईल, पण घरांच्या किमती बातमी येताच पडल्या आणि कर्ज मिळणं अवघड झालं. धोका जाहीर करू नये असं मी म्हणत नाही. पण तारीख सांगणाऱ्यानं भरपाई कोण देणार, वस्ती कुठं हलवणार, हे त्याच दिवशी सांगायला हवं. फिजीत वुनिदोगोलोआ हे गाव २०१४ मध्ये साधारण दोन किलोमीटर आत, उंचावर हलवलं. तिथं निदान जायला जागा ठरलेली होती.

भिंत कुठं बांधायची हे बहुतेक ठिकाणी तिच्यामागं असलेल्या मालमत्तेच्या किमतीवर ठरतं. म्हणजे बंदर वाचतं, कोळीवस्ती हिशेबात बसत नाही. नेदरलँड्समध्ये १९५३च्या पुरात १,८३६ माणसं गेली. त्यानंतर समुद्र अडवायला उभारलेले त्यांचे अजस्र दरवाजे सगळ्यांना माहीत आहेत. मला मात्र २०१७ पासून लागू झालेला त्यांचा निकष महत्त्वाचा वाटतो: बांधामागं राहणाऱ्या कुणाचाही पुरानं मृत्यू होण्याची शक्यता वर्षाला एक लाखात एकाहून जास्त नसावी. त्यासाठी मुदत २०५०ची आहे. मालमत्तेचं गणित तेही करतात, पण हा किमान हक्क मान्य करून त्यावर. श्रीमंत देशाला परवडतं, असं कुणीतरी खाली लिहीलच. तितकी उंच भिंत सगळ्यांना परवडणार नाही, कबूल. पण माणशी हिशेब आधी आणि जमिनीचा भाव नंतर, हा क्रम लावायला कुठल्या देशाला पैसे लागतात?