नोबिताचा सातबारा

नागपुरात मे महिन्यात दुपारी बारा ते पाच या वेळात रस्त्यावर दिसणारा माणूस एक तर लग्नाच्या पत्रिका वाटत असतो, नाही तर घरच्यांना कंटाळलेला असतो. पारा ४५च्या वर गेला की पोरांना अंगणात सोडायचीही सोय उरत नाही. त्यात विदर्भातल्या शाळा उघडतात जूनच्या शेवटच्या आठवड्यात. म्हणजे पुण्या-मुंबईचे आईबाप सुटले, तरी आम्ही आपले आतच. आमच्या मानेवाड्याच्या घरात या काळात दोनच गोष्टी अखंड चालू असतात : कूलर आणि डोरेमॉन. त्यातला कूलर लाइन गेली की बंद होतो.

डोरेमॉनशी माझं वैर नव्हतं. भविष्यातून आलेलं हे निळं यंत्रमांजर. फुजिको एफ. फुजिओ यांनी १९६९ साली जपानी मासिकांतून त्याची चित्रकथा सुरू केली, १९७९पासूनच्या टीव्ही मालिकेनं तो घरोघरी पोचला आणि आपल्याकडे येऊन अस्खलित हिंदी बोलायला लागला. जन्मतारीख ३ सप्टेंबर २११२, उंची १२९.३ सेंटिमीटर, वजनही नेमकं १२९.३ किलो, आणि उंदीर दिसला की पळत सुटणार. पंधराचा पाढा विचारला तर माझी लेक ओवी छताकडे बघते, पण हे आकडे तिला झोपेतून उठवून विचारा.

इथवर सगळं ठीक होतं. घात केला तिच्या सख्ख्या मामानं. सुट्टीत दोन दिवस राहून गेला आणि जाताना आमच्या जुन्या डेस्कटॉपवर २०१९ सालचा ‘डोरेमॉन स्टोरी ऑफ सीझन्स’ हा गेम टाकून गेला. ‘शेतीचा गेम आहे ताई, मारामारी नाही, पोरगी काहीतरी शिकेल,’ असं बहिणीला सांगून ऑटोत बसला. मामा लोकांचं हे बरं असतं. भाचीला खूश करायचं आणि गाडी पकडायची.

गेममध्ये मारामारी खरंच नाही. बोलणं आहे. अरे, किती बोलणं! सुरुवातीला तर कोणी हातात कुदळच देत नाही, नुसत्या गप्पा. आणि त्या सगळ्या गप्पा खाली पट्टीवर, इंग्रजीत, लिहून येतात. ओवी आता तिसरीत जाणार. इंग्रजी वाचते, पण एका वाक्याला एक वाटी आमरस संपतो. म्हणून वाचायचं काम बाबांकडे आलं. नुसतं वाचून भागेना, अर्थ सांगायला लागलो. तर मराठीतही चालेना. कारण तिच्या लेखी ही सगळी मंडळी जन्मजात हिंदीभाषक. मग इंग्रजी वाचायचं, मनात मराठी करायचं आणि तोंडातून हिंदी काढायचं, तेही ज्याच्या-त्याच्या आवाजात. आता माझं हिंदी म्हणजे बर्डीच्या ऑटो स्टँडवरचं. त्यातल्या दांडगट जियानच्या तोंडी मी ‘काय को दिमाग खा रहा बे’ घातलं, तर ओवीनं की-बोर्डवरून हात काढून घेतले.

“बाबा, जियान असं नाही बोलत.”

“कसं बोलतो मग?”

“जोरात बोलतो.”

मग जोरात बोललो. दुसऱ्या दिवशी शेजारच्या काकूंनी बायकोला गेटवर हळूच विचारलं, “भाऊंचं ऑफिसात काही बिनसलं का गं?”

कथा अशी, की डोरेमॉन ज्याच्या घरी राहतो तो चष्मेवाला नोबिता आणि त्याची दोस्तमंडळी एका वादळात सापडून नातुरा नावाच्या परक्या गावी येऊन पडतात, आणि दर वेळी अडचणीतून सोडवणारी डोरेमॉनची गॅजेटं त्या वादळात हरवतात. गॅजेटविना डोरेमॉन म्हणजे सही-शिक्क्याविना तलाठी. असून नसल्यासारखा. या गावात लहान पोरांनाही काम करावं लागतं. तेव्हा शिझुका दवाखान्यात लागते, जियान सुताराकडे, सुनिओ दुकानात. आणि ज्याला परीक्षेत शून्य मार्क पडतात, तो नोबिता? तो शेतीवर!

हे वाचून मी क्षणभर थांबलो. म्हणजे जपानातही तेच.

आमचं मूळ घर काटोलकडचं. चार एकर संत्रा, उरलेल्यात कापूस-तूर. गणितात मी काठावर पास झालो, की आबा शांतपणे म्हणायचे, “नाही जमत त वावरात ये.” त्या एका वाक्याच्या धाकानं मी बी. कॉम. झालो, टायपिंगची परीक्षा दिली आणि नागपूरच्या एका कचेरीत खुर्ची धरली. आणि आता रोज संध्याकाळी डबा ठेवून, पाय धुऊन, सलगम लावायला बसत होतो.

कारण नांगरटीत ओवीला रस नव्हता. तिला गाय पाहिजे, फुलपाखरं पाहिजेत, शिझुकाकडे जाऊन गप्पा मारायला पाहिजेत. चौकोन-चौकोन जमीन खोदणं, बी टाकणं, झारीनं एकेका चौकोनाला पाणी देणं, ही कामं तिनं मला वाटून दिली होती. त्यात नोबिता भयंकर लेचापेचा. थोडं खणलं की दमतो. मग त्याला तिथंच डुलकी काढू द्यायची. मला तशी सोय नव्हती.

अशात आबा मोतीबिंदूच्या तपासणीसाठी आले. डोळ्यांत औषध टाकून दिवाणावर बसले, आणि बसल्या जागेवरून त्यांना अंधूकसं हिरवं दिसलं.

“काय करून राह्यला बे हा पोट्टा?”

“शेती, आबा.”

“कोणाच्या वावरात?”

“त्याच्याच. गावानं दिली.”

“फुकट?” आबा सरसावून बसले. “सातबारा पाह्यला का?”

ओवीला सातबारा ठाऊक नव्हता. आबांनी तो समजावून सांगितला, फेरफारासकट. तोवर नोबिता कुदळ धरून उभा.

डोळे निवळल्यावर आबा खुर्ची ओढून पडद्यासमोरच येऊन बसले. पहिलाच आक्षेप पाण्यावर. संत्र्याचा मृग बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडाचं पाणी तोडतात. पानं मलूल होतात, बघवत नाही, तरी शेतकरी विहिरीकडे बघतसुद्धा नाही. असा ताण बसला, की पावसाचं पाणी लागताच झाड फुलांनी भरून जातं. आबांची हयात या ताण देण्यात गेलेली. त्यांना नोबिताचं रोज सकाळी झारी घेऊन फिरणं सहन होईना.

“लेका, इतकं पाणी देशीन त फूल कुठून येईन? तोड पाणी!”

“आबा, हे सलगम आहे. पाणी नाही दिलं तर वाढतच नाही.”

“मंग संत्रा लाव म्हणा त्याले.”

विक्रीची पद्धत बघून मात्र ते गप्पच झाले. माल पेटीत टाकायचा, पैसे जमा. अडत नाही, तोलाई नाही, हमाली नाही, ‘मालाला डाग हाय’ म्हणून भाव पाडणारं कोणी नाही. आबांनी ओवीला पुन्हा एकदा माल टाकायला लावला. पुन्हा पैसे जमा झाले. नंतर तर त्यांनी पाहिलं की जाळीनं पकडलेले किडेही विकता येतात. तेव्हा त्यांनी माझ्याकडे वळून अगदी गंभीरपणे विचारलं, “कोळशीची काळी माशी घेतात का हे लोक? आपल्या बगिच्यात पाहिजे तेवढी हाय.”

एका बाबतीत मात्र त्यांनी नोबिताला पैकीच्या पैकी मार्क दिले. दुपारी तो भर वावरात आडवा झाला, तेव्हा मी हसलो, तर आबा म्हणाले, “हासू नको. अकल हाय पोट्ट्याले. बारानंतर वावरात कोण थांबते?”

इथून पुढे शेतीचा कारभार बदलला. ओवी मालकीण, आबा सल्लागार आणि मी सालगडी. सकाळी मी ऑफिसला निघताना सल्लागार विचारणार, आज बटाटे काढायचे का. एकदा ऐन काढणीच्या वेळी लाइन गेली, कूलर, कॉम्प्युटर आणि अर्धा बिघा सलगम एकदमच अंधारात गेले. सेव्ह केलेलं नव्हतं. ओवी रडली. आबा म्हणाले, “ओलिताच्या वेळी जाते थे आता काढणीच्या वेळी बी जायले लागली.”

पण खरा आघात नंतर झाला. या गेममध्ये एक ऋतू संपून दुसरा लागला, की आदल्या ऋतूचं पीक रातोरात वाळून जातं. वसंताच्या अखेरीस आबांच्याच सल्ल्यानं आम्ही कोबीचं क्षेत्र वाढवलं होतं. सकाळी नोबिता घराबाहेर आला, तर अख्खं शेत वाळून तपकिरी. ओवीच्या डोळ्यांत पाणी. मी तिची समजूत काढायला शब्द जुळवत होतो, तोवर आबांनी चष्मा पुसला.

“रडू नको. पंचनामा कोण करते इथं?”

“म्हणजे?”

“वही आण.”

बायको स्वयंपाकघरातून सांडशी घेऊन बाहेर आली आणि तशीच उभी राहिली. आबा सांगत होते, ओवी दुरेघी वहीत लिहीत होती.

“प्रति. मा. महापौरसाहेब... नाही, थांब. गाव लहान दिसते. सरपंच लिही. मौजा नातुरा. विषय : हंगाम अचानक बदलल्यामुळे झालेल्या पीक नुकसानीची भरपाई मिळणेबाबत. अर्जदाराचं पूर्ण नाव काय?”

“नोबिता नोबी.”

“बापाचं नाव?”

“नोबिसुके,” ओवी म्हणाली. तिला तेही येत होतं.

“नोबिता नोबिसुके नोबी. राहणार टोकियो, हल्ली मुक्काम नातुरा. व्यवसाय, शेती.”

अर्ज दीड पानाचा झाला. त्यात ‘हातातोंडाशी आलेला घास’ होता, ‘कर्जबाजारी’ होतं, आणि मी नको म्हणत असताना ‘घरात एक आजारी निळं मांजर’ही होतं. खाली आबांनी सोबत जोडायच्या कागदांची यादी सांगितली : सातबारा, पासबुकाची झेरॉक्स, पासपोर्ट साइज फोटो.

“फोटो चष्मा काढून लागते,” आबा म्हणाले.

ओवीचं पेन थांबलं. “पण आबा, चष्मा काढला की नोबिताचे डोळे तीनच्या आकड्यासारखे दिसतात.”

“दिसू दे,” आबा म्हणाले. “सरकारी फोटोत कोणाचे बराबर दिसतात?”